मूस-एल्कसाठी पहिली रायफल: २० इंची नळी की २४, .३०८ की .३००, आणि आत गोळी कुठली?

ऐरोलीचा आमचा भाचा आता कॅनडात एडमंटनला नीट रुळलाय, पॅल म्हणजे तिकडचं बंदुकीचं लायसन्स हातात आलंय, आणि मूस-एल्कसाठी, म्हणजे तिकडच्या मोठाल्या हरणांसाठी, पहिली रायफल घ्यायचीय. इकडे रात्रीची जेवणं आटपली की त्याचा व्हिडिओ कॉल ठरलेला, मामा २० इंची नळीची घेऊ की २४, मामा काडतूस .३०८ बरं की .३०० विनमॅग. मी मधली काही वर्षं अल्बर्टात काढलीयत, तिकडच्या रेंजवर आणि सीझनला बुशमधे फिरलोय, त्यामुळे घोडबंदर रोडला बसून आता मी त्याचा फुकटचा कन्सल्टंट. त्याच्या मागोमाग खारघर-डोंबिवलीची अजून पोरं तिकडे पोचलीयत आणि सगळ्यांचे प्रश्न तेच, म्हणून एकदाच लिहून टाकतो. इथल्यांसाठी आधीच सांगतो, हे सगळं कॅनडापुरतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, येऊरला सांबर दिसलं तर खिशातून मोबाईल काढायचा, बस्स.

दुकानात गेलं की सगळे आधी नळी बघतात, कारण ती डोळ्याला दिसते. मी उलट्या बाजूने यायला सांगतो. आधी किती लांबून मारणार ते ठरवा, मग गोळी, मग काडतूस (म्हणजे गोळी आणि तिच्या मागची दारू मिळून), आणि नळी सगळ्यात शेवटी, कारण नळीची लांबी तुम्हाला फक्त वेग देते आणि वेग किती लागणार ते गोळीवर ठरतं.

तर अंतर. ठाणे स्टेशनात बारा डब्यांची लोकल उभी असेल तेव्हा पहिल्या डब्यापाशी थांबून शेवटच्या डब्याकडे बघ म्हटलं, ते झालं साधारण अडीचशे मीटर. तेवढ्या लांब उभ्या जनावराच्या फुप्फुसात गोळी बसवायचीय, तीही चढण चढून धाप लागलेली, बोटं थंडीने बधिर, आणि टेकायला बेंच नाही तर एखादं पडलेलं झाड. हे डोक्यात बसलं की सहाशे-सातशे यार्डवाले व्हिडिओ आपोआप बंद होतात. उत्तरेकडच्या दाट झाडीत मूस बऱ्याचदा शंभर यार्डांच्या आतच समोर येतो. दक्षिणेला फूटहिल्समधे, म्हणजे डोंगरांच्या पायथ्याशी, मोकळं आहे, तिथे एल्क दोनशे-तीनशे यार्डांवर दिसतो. नवशिक्यासाठी तीनशेला रेघ ओढा, आणि खरं सांगायचं तर तेही जास्तच.

आता नळी. आमच्या भावोजींचं ठाम मत की नळी जेवढी लांब तेवढा नेम पक्का. हे मत जुन्या उघड्या साइटच्या बंदुकींवरनं आलंय, तिथे पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात अंतर जास्त असलं की डोळ्याची चूक कमी व्हायची. स्कोप लावला की तो हिशोबच संपला. उलट सारख्याच जाडीची आखूड नळी जास्त ताठ राहते. लांबीने मिळतो तो वेग, आणि तोही लोकांना वाटतो तेवढा नाही, .३०८ किंवा .३०-०६ मधे इंचामागे साधारण २० ते २५ फूट प्रति सेकंद धरा. म्हणजे २४ वरून २० वर आलात तर ८० ते १०० गेले. काडतुसांच्या पेटीवर छापलेला वेगाचा आकडा बहुतेक वेळा २४ इंची टेस्ट बॅरलचा असतो, त्यामुळे २२ इंची रायफलला त्यातले चाळीस-पन्नास आधीच वजा करून ठेवा.

२० इंचीचा फायदा झाडीत कळतो, फांद्यांना अडकत नाही, पिकअपच्या केबिनमधून काढा-घाला करायला सोपी, खांद्याला लटकवून दिवसभर चाललं तरी डोक्याच्या वर नळी नाचत नाही. तोटा म्हणजे आवाज आणि धगीचा भपका दोन्ही तोंडाच्या जवळ येतात. न्यूझीलंडवाले अजून आखूड नळ्या वापरतात आणि मजेत फिरतात, पण त्यांना सप्रेसर, म्हणजे आवाज दाबणारी नळकांडी, लावायची मुभा आहे. कॅनडात सप्रेसर बंदी असलेल्या वस्तूंत मोडतो, त्यामुळे त्यांचं बघून १६-१८ इंची घेतलीत तर कान तुमचेच जाणार. रायफलचा आवाज तसाही १६० डेसिबलच्या आसपास असतो, वर मझल ब्रेक, म्हणजे नळीच्या टोकाला भोकं असलेला तुकडा, लावला की धक्का कमी होतो पण आवाज मागे तुमच्याकडेच वळतो.

काडतुसांकडे येऊ. .३०-०६ म्हणजे १९०६ सालचं, .३०८ आलं १९५२ ला, .३०० विनचेस्टर मॅग्नम १९६३ ला, आणि तिघांतून गोळी त्याच व्यासाची सुटते. फरक मागच्या दारूचा. १८० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळीला .३०८ साधारण २६०० च्या थोडं वर ढकलतं, .३०-०६ म्हणजे २७००, आणि .३०० विनमॅग २९५० च्या आसपास, सगळे आकडे फूट प्रति सेकंद आणि २४ इंची नळीचे. कागदावर हे मोठं दिसतं. पण २०० यार्डला झीरो केलेली, म्हणजे तिथे नेम बरोबर बसेल असा स्कोप लावलेली, .३०-०६ तीनशेला साधारण साडेआठ इंच खाली येते आणि विनमॅग सात इंच, म्हणजे फरक दीड इंचाचा, आणि समोर फुप्फुसांची जागा परातीएवढी. त्या दीड इंचासाठी खांद्याला काय मोजावं लागतं बघा: आठ पाउंडाच्या रायफलला .३०८ चा धक्का १७-१८ फूट-पाउंड, .३०-०६ चा २० च्या आसपास, विनमॅगचा २६ किंवा जास्त. या पोराने आयुष्यात फक्त .२२, म्हणजे जवळपास धक्का नसलेली छोटी रायफल, मारलीय. विनमॅगच्या पहिल्या पेटीतच माणूस ट्रिगर दाबायच्या आधी डोळे मिटायला शिकतो, आणि ती सवय मग सुटता सुटत नाही.

शिवाय विनमॅगला २० इंची नळी म्हणजे पैसे जाळायचं काम. एवढी दारू जळायला लांबी लागते, म्हणून कंपन्या तिला २४ नाहीतर २६ इंच देतात. आखूड केलीत तर जवळपास .३०-०६ चाच वेग मिळतो, फक्त आवाज नि धक्का विनमॅगचा. ६.५ क्रीडमूर या काडतुसाबद्दल पण भाचा विचारत होता. हरणासाठी झकास, धक्का अगदी कमी, पण चारशे किलोच्या वरचा नर मूस तिरका उभा असेल तर पहिल्या रायफलीत मला मागे थोडं जास्त वजन हवं. आणि कोणीतरी त्याला .३७५ एच अँड एच सुचवलं म्हणे, ते आफ्रिकेतल्या रेड्यासाठी ठेवा.

गोळीकडे मात्र नीट बघा, कारण इथेच लोक पेटीवरचं चित्र बघून घेतात. पहिला प्रकार साधा, आत शिसं आणि वर तांब्याचं कवच, कोअर-लोक्ट, पॉवर-शॉक वगैरे. स्वस्त, सगळीकडे मिळतं, हरणाला उत्तम. पण खांद्याच्या जाड हाडावर वेगात आपटलं तर शिसं-कवच वेगळं होऊन गोळी तिथेच विखुरते. १९४६ मधे जॉन नॉस्लर नावाच्या माणसाला ब्रिटिश कोलंबियात मूसवर हाच अनुभव आला, गोळ्या आत शिरायच्याच नाहीत, आणि त्यातून त्याने मधे तांब्याची आडभिंत असलेली पार्टिशन बनवली, पुढचा अर्धा भाग फुलतो आणि भिंतीमागचा शाबूत राहून आत जातो. ती आजही विकली जाते. दुसरा प्रकार बाँडेड, यात शिसं कवचाला पक्कं जोडलेलं, फ्यूजन, ॲक्युबाँड, स्विफ्ट ए-फ्रेम ही नावं लक्षात ठेवा. तिसरा सबंध तांब्याचा, बार्न्स टीटीएसएक्स किंवा फेडरलचं ट्रॉफी कॉपर. टीएसएक्स जातीची गोळी पलीकडच्या कातड्याखाली सापडली तर हातात घेऊन बघण्यासारखी असते, पुढून चार पाकळ्या मागे वळलेल्या, मागचा दांडा जसाच्या तसा, वजन जवळपास पूर्ण. शिशाचे कण मटणात जात नाहीत हा त्यातला मोठा फायदा, घरात लहान मुलं असतील तर मी तेच घेईन. किंमत मात्र चांगलीच जास्त.

आणि आता नळी-गोळी एकमेकींना भेटतात ती जागा. तांब्याची गोळी कडक असते, नीट फुलायला तिला पोचताना साधारण १८०० ते २००० फूट प्रति सेकंद वेग लागतो. साधी १८० ग्रेनची गोळी .३०-०६ मधून २७०० ने निघाली तर तीनशे यार्डला २००० वर येते. आता .३०८ घ्या, नळी २० इंची घ्या आणि आत १८० ग्रेनचं तांबं भरा, तीनशेला वेग २००० च्या खाली जातो, गोळी न फुलता पेन्सिलीसारखी आरपार जायची भीती. म्हणून आखूड नळीत तांबं वापरायचं तर हलकं घ्यायचं, १५० किंवा १६५ ग्रेन. वजन कमी केलं तरी चालतं कारण ते आत गेल्यावर सांडत नाही. १८० च हवं असेल तर बाँडेड घ्या, ते कमी वेगालाही उघडतं.

माझा कौल म्हणाल तर .३०-०६, २२ इंची, आत १८० ग्रेन बाँडेड नाहीतर १६५ ग्रेन तांबं. फक्त उत्तरेच्या झाडीत फिरणार असेल तर .३०८ ची २० इंची तेवढीच चांगली, दीडशे-दोनशे यार्डात मूसला काही फरक कळणार नाही. फूटहिल्समधे एल्कच्याच मागे लागायचं असेल आणि खांदा तयार झाला असेल, तर दोनेक सीझननंतर २४ इंची विनमॅग बघू. एक बारीक गोष्ट, .३०८ ची ऍक्शन (काडतूस नळीत सरकवणारा मधला भाग) आखूड म्हणून रायफल हलकी असं दुकानदार सांगेल, पण भाच्याने बघितलेल्या टिक्का टी३एक्स या फिनलंडच्या रायफलीत .३०८ आणि .३०-०६ दोन्हीला ऍक्शन एकाच लांबीची आहे, तिथे तो मुद्दाच नाही. टिक्काची नळी २२.४ इंच येते, तेव्हा २० की २४ हा आमचा रोजचा वाद फिनलंडवाल्यांनी परस्पर मिटवलाय.

पेट्या घेताना एकाच लॉट नंबरच्या तीन-चार घे, सराव स्वस्तातल्यावर कर पण सीझनच्या आधी झीरो शिकारीच्याच काडतुसांवर कर, दोन्हींचा पॉइंट वेगळा पडतो. बोल्टमधलं जाड तेल पुसून काढ, उणे वीसला ते घट्ट होतं आणि फायरिंग पिन आळसावते. रायफल रिकामी आणि कुलपात, हे तिकडच्या कायद्यातच आहे. आणि दिवाळीला घरी येताना शिकारीची बॅग प्रवासाला वापरू नकोस, वापरलीसच तर सगळे कप्पे उलटे करून झटक. एक काडतूस जरी चुकून आत राहिलं तर मुंबई एअरपोर्टवर आर्म्स ऍक्टखाली केस होते, आणि मग भावोजी ऐरोलीहून धावत येणार ते माझ्याच दारात.