सीरियलचे डबे बंद करून ओट्स, ज्वारीचे पोहे आणि लाह्या: काही महिन्यांनंतरचा अनुभव

पावसाळ्याच्या तोंडावर घरातले चॉकलेटचे आणि मधाचे सीरियल बंद केले. आता दिवाळी होऊन गेली, तेव्हा सविस्तर लिहितो. घरात शाळेत जाणारी मुलगी, मधुमेह असलेली आई, ठाण्याहून सकाळची लोकल पकडणारी बायको आणि नाश्त्याचं खातं माझ्याकडे.

ठिणगी पडली ती वजनकाट्यावर. पाकिटावर एक सर्व्हिंग ३० ग्रॅमचं लिहिलेलं असतं. मुलगी रोज घेते तेवढं वाडग्यात ओतून तोललं, तर काटा ५० वर. त्या पाकिटात १०० ग्रॅममागे साखर ३० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे शाळेची बस यायच्या आधीच १५ ग्रॅम, जवळजवळ चार चमचे! वरून घातलेली साखर मोठ्या माणसानेसुद्धा दिवसभरात शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तेव्हापासून पाकीट आधी उलटं करतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे पुढे नाचणीचं मोठं चित्र असलं तरी मागच्या यादीत ती कुठे आहे हे लगेच कळतं. साखर, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, इन्व्हर्ट सिरप, मध अशी वेगवेगळी नावं असतील तर सगळी मिळून साखरच धरा. मग फायबर बघा. 'हाय फायबर' म्हणायला १०० ग्रॅममध्ये किमान ६ ग्रॅम लागतं. साध्या कॉर्नफ्लेक्समध्ये साखर चॉकलेटवाल्यापेक्षा बरीच कमी, पण फायबरही कमीच. आमच्याकडे ते खाऊन दहा वाजता परत भूक. मसाला ओट्समध्ये मिठाचा, म्हणजे सोडियमचा आकडा पाहून ते परत फळीवर ठेवले.

आता जांभळी नाक्यावरून ज्वारीचे पोहे आणि राजगिऱ्याच्या लाह्या आणतो. ओट्स साधे, जाड पाकळीचे. इन्स्टंट ओट्सचा दुधात लगदा होतो, जाड ओट्स चार-पाच मिनिटं शिजवले तरी दाताखाली येतात. ज्वारीचे पोहे कोरड्या कढईत मंद आचेवर हलवत राहायचं. बोटांत चुरले की कुरकुरीत मोडले पाहिजेत. कच्चे राहिले तर दुधात चिवट होतात, आणि मुलगी वाडगा तसाच बाजूला सारते. वर भाजलेले दाणे, जवस, केळ्याच्या चकत्या. चॉकलेटची आठवण आली की बिनसाखरेची कोको पावडर अर्धा चमचा. पहिले काही आठवडे तिने खूप कटकट केली. आता स्वतःच लाह्या वरून भुरभुरते.

आईचा वाडगा वेगळा: ओट्स, दाणे, बिनसाखरेचं दूध, केळं नाही. डॉक्टरांना विचारूनच बदल केला, औषधं तीच आहेत. फरक एवढाच ठामपणे सांगेन की अकराच्या चहाबरोबरची बिस्किटं आपोआप सुटली, आणि मला याचा फार आनंद आहे.

तक्रारीही आहेत. सकाळी पाकीट फोडून ओतण्याइतकं हे सोपं नाही, रविवारी भाजून ठेवावं लागतं. आमच्याकडे घोडबंदरला जुलै-ऑगस्टमध्ये हवाच इतकी ओली की साध्या डब्यात लाह्या दोन दिवसांत मऊ. घट्ट झाकणाच्या बरण्या घेतल्यावर सुटलो. बायकोला गाडीच्या घाईत हे खायला वेळ पुरत नाही, ती डब्यात उपमाच नेते.

आणि हो, रोज वाडगाच हवा असं मला अजिबात वाटत नाही. मटार-दाणे घातलेले कांदेपोहे, भाज्या घालून केलेला दलिया आठवड्यातून दोन-तीनदा असतोच, आणि त्यात वरून घातली तर चिमूटभर साखर.

ओट्स एकदम किलोभर घेतले तरी चालतात. लाह्या मात्र पाव किलोच्या वर आणू नका, आणि घेताना दुकानदाराला ताज्या कधीच्या ते विचारून घ्या.