अमृतसरमध्ये एकच मुक्काम: काय पाहावं, काय सोडावं

अमृतसरला एकच रात्र असेल तर खरी ओढाताण संध्याकाळची होते. पाकिस्तानला लागून असलेल्या अटारी-वाघा सीमेवरचं ध्वजावतरण, गोविंदगड किल्ल्यातले कार्यक्रम आणि हरिमंदिर साहिब, म्हणजे सुवर्णमंदिर, तिन्हींची रंगत दिवस कलल्यावर.

अटारी शहरापासून तीसेक किलोमीटरवर आहे. सोहळा अर्ध्या-पाऊण तासाचा, पण त्यापायी जवळजवळ पाच तास जातात. वेळ सूर्यास्तानुसार बदलते: हिवाळ्यात साडेचारच्या आसपास, उन्हाळ्यात सहानंतर. बरी जागा हवी तर दीड-दोन तास आधी पोचावं लागतं. प्रवेशाला पैसे नाहीत. ओळखपत्र मात्र हवंच. बॅग आणि पॉवर बँक गाडीतच ठेवावी. तपासणीच्या रांगा बायका-पुरुषांच्या वेगळ्या आणि तिथे मोबाइलला धड रेंज नसते, त्यामुळे चुकामूक हमखास होते. कुठे भेटायचं ते चालकाशी आणि आपसातही उतरण्यापूर्वीच ठरवावं. एप्रिल २०२५ मध्ये सोहळ्याला कात्री लागली, फाटक उघडणं आणि दोन्ही बाजूंचं हस्तांदोलन बंद झालं. कवायत आणि घोषणा पाहायच्या असतील तर जावं. सोबत गुडघेदुखीची माणसं असतील, किंवा मे-जूनचं ऊन असेल, तर खुशाल सोडावं.

गोविंदगड शहरातच आहे. तोफा, जुनी नाणी, शस्त्रं, संध्याकाळी भांगडा, मुलं रमतात. अटारी टाळणाऱ्यांना तो बरा पर्याय, पण हरिमंदिरातला वेळ कापून जावं असा नाही.

हरिमंदिर साहिबला रात्री जावं की पहाटे? रात्री गुरू ग्रंथ साहिबची पालखी हरिमंदिरातून त्याच आवारातल्या अकाल तख्ताकडे नेतात. हिवाळ्यात साधारण साडेनऊला, उन्हाळ्यात दहाच्या पुढे. पहाटे ती परत येते, थंडीत पाचच्या सुमारास, एरवी चारला. अटारीहून आठपर्यंत परतलात तर लंगर (तिथलं मोफत पंगतीचं जेवण) आणि पालखी दोन्ही साधतं, म्हणून एकच वेळ जमणार असेल तर रात्र निवडावी. मात्र पालखी पाहणं आणि गाभाऱ्यात दर्शन घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर्शनी ड्योढीपासूनची (हरिमंदिराकडे जाणाऱ्या पुलाच्या तोंडचं प्रवेशद्वार) रांग शनिवार-रविवारी, अमावास्येला आणि संक्रांतीला (तिथे ती दर महिन्याची) दोन तासांच्याही वर जाते. दर्शन हवंच असेल तर पालखीवर विसंबू नये, साध्या वारी पहाटे रांगेत लागावं.

चपला जोडाघरात ठेवून पाय धुऊन आत जायचं, डोकं पूर्ण झाकायचं. टोपीपेक्षा रुमाल किंवा ओढणी न्यावी. रुमाल दारातही मिळतात. खिशातली तंबाखू, गुटखा, सिगारेट खोलीवरच ठेवावी, हे आपल्याकडच्या मंडळींना मुद्दाम सांगावं लागतं. आतल्या भागात फोटो चालत नाहीत. लंगर दिवस-रात्र चालतो. पोळी दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायची आणि पानात टाकायचं नाही.

सकाळी उरलेल्या वेळात जालियनवाला बाग की फाळणी संग्रहालय? दोन्ही हरिमंदिरापासून चालत जाण्याजोगी. बागेला पाऊण तास पुरतो, तिकीट नाही. गोळ्यांच्या खुणांची भिंत आणि विहीर आहे, पण २०२१ च्या नूतनीकरणात अरुंद बोळाच्या भिंतींवर शिल्पं आली. १३ एप्रिल १९१९ ला डायरचे सैनिक याच बोळातून आत शिरले. त्याचा कोंडलेपणा आता डोळे मिटूनच कळतो. टाऊन हॉलमधलं संग्रहालय २०१७ चं. निर्वासितांनी बरोबर आणलेल्या वस्तू आणि त्यांच्याच तोंडच्या आठवणी ऐकायला दोन तास तरी लागतात. घाईत एकच निवडायचं तर आम्ही संग्रहालय म्हणू, पण ते सोमवारी बंद असतं. त्या दिवशी प्रश्नच मिटला.

दुसरा अख्खा दिवस मिळाला तर तरनतारन की घुमान? तरनतारन जवळ, पंचविसेक किलोमीटर. तिथल्या गुरुद्वाऱ्याचं भव्य सरोवर, गर्दी बेताची, दोन-तीन तासांत परत. घुमान मेहता चौकमार्गे साधारण दीड तासावर, गुरदासपूर जिल्ह्यात. संत नामदेवांचं तिथे दीर्घ वास्तव्य होतं अशी परंपरा आहे, त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, आणि २०१५ चं मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं. मराठी माणसाने घुमानच निवडावं. टॅक्सीवाल्यांच्या ठरलेल्या फेऱ्यांत ते सहसा नसतं, म्हणून अर्ध्या दिवसाचं भाडं थांबण्याच्या वेळेसकट आदल्या रात्रीच ठरवून घ्यावं.