रामेश्वरमचा म्हणून घेतलेला कोळी

चार डब्या होत्या, जुन्या कॅमेऱ्याचा रोल ज्यात यायचा तेवढ्या. प्रत्येकीत बोटभर ओलसर कोकोपीट आणि त्यावर तांदळाच्या दाण्याएवढ्या अंगाचं, राखाडी, आठ पायांचं एक पिल्लू. झाकणावर काळ्या मार्करने नाव लिहिलेलं, तेही दोन डब्यांवर वेगवेगळ्या स्पेलिंगने. मी ते पाहिलं, मनात हसलो आणि पैसे दिले.

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो आणि सहा वर्षांपासून टॅरॅन्टुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, पाळतो. म्हणजे नवखा नव्हतो. अगदी नवखा माणूस दहा जणांना विचारून घेतो. थोडंफार कळायला लागलेला माणूस कुणालाच विचारत नाही. माझं तेच झालं.

जात होती पोइसिलोथेरिया हनुमाविलासुमिका. २००४ साली अँड्र्यू स्मिथ या ब्रिटिश अभ्यासकाने रामेश्वरमच्या या कोळ्याचं वर्णन केलं आणि तिथल्या हनुमाविलासुम मंदिरावरून नाव दिलं. चिंचेच्या झाडांच्या ढोलीत, सालीमागे राहणारा हा कोळी रामेश्वरम बेट आणि समोरचा रामनाथपुरमचा किनारा एवढ्याच पट्ट्यात आहे असं बरीच वर्षं मानलं जायचं. पुढे तो श्रीलंकेत मन्नारलाही सापडला. थोडक्यात, सेतूच्या अलीकडे आणि पलीकडे. अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. लहानपणी दर शनिवारी मारुतीला तेल घालायला जाणाऱ्या माणसाने हे नाव ऐकल्यावर काय होणार? विक्रेत्याला माझं आडनाव वाचूनच ते कळलं असावं.

एका सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जत्रेत त्याची गाठ पडली होती. नंतरचं सगळं मेसेजवर. एक पिल्लू ४५ पौंड, चार घेतली तर १६०. ‘दोन तर नक्की माद्या आहेत,’ असंही तो म्हणाला. इथे माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. एवढ्या लहान पिल्लाची मादी ओळखता येत नाही. त्यासाठी कोळी जरा वाढावा लागतो, त्याने टाकलेली कात साबणाच्या पाण्यात मऊ करून पसरावी लागते, आणि पुस्तकाच्या पानांसारख्या फुप्फुसांच्या पुढच्या जोडीमध्ये शुक्रकोश (मादीची शुक्राणू साठवायची पिशवी) आहे का ते भिंगाखाली पाहावं लागतं. हे मला येतं. मी स्वतः केलेलं आहे. तरी ‘दोन नक्की माद्या’ वाचून मी पुढच्या तीन वर्षांत पैदास कशी करायची याचे मनोरे रचत बसलो.

आईबापांचे फोटो मागितले तेव्हा एकच फोटो आला, मोठ्या मादीचा, सुरेख. पैसे पाठवताना ‘मित्र-नातेवाईक’ हा पर्याय निवडा, फी वाचेल, असं त्याने सुचवलं. फी वाचली, आणि त्याबरोबर खरेदीदाराला मिळणारं संरक्षणही गेलं, कारण त्या पर्यायात कागदोपत्री तुम्ही काही विकतच घेतलेलं नसतं.

माझ्या सात वर्षांच्या मुलीने चौघांना नावं दिली: मारुती, अंगद, सुग्रीव आणि नल. (पेट्यांना कुलूप असतं. पोइसिलोथेरिया वंशातल्या कोळ्यांचा चावा साधा नसतो, स्नायूंना पेटके येतात, आणि ते पळतात विजेसारखे.) मारुती मी कव्हेंट्रीच्या एका मित्राला दिला, त्याच्याकडे आधीच याच जातीची एक मादी होती म्हणून.

या धंद्यातली खरी मेख इथे आहे. बनावट घड्याळ घेतलं तर दुसऱ्या दिवशी दुकानदारापुढे आपटता येतं. कोळ्याला साक्ष द्यायला वर्ष लागतं. या वंशातली पिल्लं बहुतेक सगळी राखाडी, नक्षीदार, एकासारखी एक. आठवड्याला दोन रातकिडे, महिना-दीड महिन्याने एक कात, आणि दर कातीनंतर मी भिंग घेऊन बसायचो. काही खटकलं की विक्रेत्याला विचारायचो. उत्तर ठरलेलं: ‘तीन इंच होऊ दे, मग रंग येईल.’ तीन इंच झाल्यावर: ‘अजून दोन काती थांब.’

चौदा महिन्यांनी एका जुन्या जाणत्या माणसाला घरी बोलावलं. निवृत्त बसचालक, तीस-पस्तीस वर्षं कोळी पाळणारा. त्याने अंगदच्या पेटीचं झाकणही उघडलं नाही. अंगद समोरच्या पारदर्शक भिंतीला चिकटून बसला होता, पोट आमच्याकडे. म्हाताऱ्याने खिशातली छोटी बॅटरी काढून तिरका प्रकाश टाकला. काळसर पोटावर आडवा, फिकट, दुधाळ गुलाबी पट्टा. कंबरेला बांधलेल्या उपरण्यासारखा. तो पट्टा मी चार महिने रोज पाहत होतो. पाठीवरची नक्षी मोजण्यात इतका गुंतलो होतो की पोट नीट पाहायचं सुचलंच नाही.

‘रेगालिस,’ एवढंच म्हणून त्याने चहा मागितला.

पोइसिलोथेरिया रेगालिस. या वंशात सगळ्यात सहज मिळणारा. पिल्लू इथे आठ-दहा पौंडांना. १८९९ साली पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं ते आर्कोणमच्या नमुन्यावरून. मुंबईहून चेन्नईला जाताना लागतं ते जंक्शन. आणि तो आपल्या पश्चिम घाटातही आहे. बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, ‘म्हणजे आपल्याकडच्या झाडावरचा कोळी तू इंग्रजाकडून पौंड मोजून घेतलास.’ यावर काय बोलणार!

उरलेल्या दोघांच्या पोटावरही तोच पट्टा निघाला. मग जे चौदा महिन्यांपूर्वी करायला हवं होतं ते केलं. त्या सुरेख मादीचा फोटो इंटरनेटवर टाकून शोधला. तो जर्मनीतल्या एका पाळणाऱ्याचा होता, कित्येक वर्षांपूर्वीचा. विक्रेत्याला लिहिलं. त्याचं म्हणणं, त्याने दिलेली पिल्लं अस्सलच होती, माझ्याकडेच डब्यांची अदलाबदल झाली असेल. चौदा महिन्यांनी हे खोटं कसं ठरवणार? माझ्याकडे त्या दिवशीच्या पिल्लांचा एकही स्वच्छ फोटो नव्हता, पहिल्या काती मी कचऱ्यात टाकल्या होत्या, आणि पावती तर नव्हतीच. दोन दिवसांनी त्याने मला ब्लॉक केलं.

आता मी काय करतो ते सांगतो, ज्याला पटेल त्याने घ्यावं. आईबाप दोघांचे फोटो मागतो, पाठीचे आणि पोटाचेही, आणि त्याच फोटोत आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी. नर आता मेला असेल, कारण प्रौढ झाल्यावर नर फार जगत नाहीत, तर त्याची शेवटची कात. ज्याने पैदास केली आहे त्याच्याकडे कात असते. काती जपून ठेवणं हा या छंदातला निम्मा आनंद आहे. पिल्लं कोणाकडून आली, कधी अंडी फुटली, हे लिहून मागतो. २०१९ पासून हा सगळा वंश साइटीस कराराच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे, तेव्हा ‘माल आला कुठून’ हा प्रश्न नुसता चौकसपणाचा राहिलेला नाही. रानातून ओरबाडून आणलेल्यालाही तो अडचणीचा वाटतो आणि नाव बदलून विकणाऱ्यालाही. पिल्लू घरी आलं की पहिल्याच दिवशी फोटो, आणि प्रत्येक कात तारीख घालून पाकिटात. आणि पिल्लाचं लिंग छातीठोक सांगणाऱ्याकडून मी साधं कोकोपीटही घेत नाही.

पैशांचं वाईट वाटलं, पण त्याहून वाईट होता कव्हेंट्रीला करायचा फोन. मित्राचा मारुती प्रौढ नर झाला होता, आणि त्या शनिवारी तो त्याला आपल्या मादीकडे सोडणार होता. त्याची मादी अस्सल होती, कागदांसकट. मी दोन दिवस उशीर केला असता तर संकराची ढीगभर पिल्लं जन्माला आली असती, आणि माझं नाव सांगत, मार्करने लिहिलेल्या डब्यांतून विकली गेली असती. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘पट्टा मलाही दिसला होता. तू दिलास म्हणून विचारलं नाही.’

पेट्यांवरची नावं मी खरवडून काढली आणि ‘रेगालिस’ लिहिलं. नव्या कातीत अंगदचा शुक्रकोश दिसला, म्हणजे तो मादी आहे. मुलीला म्हटलं, आता निदान हिचं नाव बदलू. ती म्हणाली, ‘तिला कुठे माहितीये?’