तेवीस प्रश्नांची मोजपट्टी: आयपीव्ही-जीबीएम स्केल वापरून पाहिल्यानंतर

मी पुण्यातील एका समुपदेशन केंद्रात काम करते. आमच्याकडे नोंदणीसाठी येणारा छापील अर्ज दुसऱ्या एका संस्थेने तयार केलेला होता आणि त्यातील हिंसेविषयीचा रकाना 'पती, सासरकडील मंडळी, इतर' एवढ्या तीन चौकटींत आटोपत असे. मनगट सुजलेला एक तरुण समोर बसला होता, मारणारा त्याच्यासोबत राहणारा पुरुष होता, आणि मला 'इतर' या चौकटीत खूण करून पुढच्या पानावर जावे लागले. त्या दिवसानंतर समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांना जोडीदाराकडून सोसावी लागणारी हिंसा नेमकी कोणत्या प्रश्नांनी विचारावी, याचा शोध मी घेऊ लागले. त्या शोधात हाती लागलेले साधन म्हणजे 'आयपीव्ही-जीबीएम स्केल'. आयपीव्ही म्हणजे जोडीदाराने केलेली हिंसा (इंटिमेट पार्टनर व्हायोलन्स) आणि जीबीएम म्हणजे समलिंगी व उभयलिंगी पुरुष (गे अँड बायसेक्शुअल मेन). हे परीक्षण त्या प्रश्नावलीचे आहे. ती बाजारात विकली जात नाही, परंतु आमच्यासारख्यांच्या दृष्टीने ती एक वापराची वस्तूच आहे, आणि वस्तूला लावावेत तेच निकष मी तिला लावले आहेत.

अमेरिकेतील अटलांटा शहरात, एमोरी विद्यापीठाच्या रॉब स्टीफनसन आणि कॅथरीन फिनेरन या दोन संशोधकांनी ही मोजपट्टी तयार केली आणि २०१३ साली 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. हे नियतकालिक सर्वांना खुले असल्यामुळे मूळ लेख कोणालाही फुकट वाचता येतो. मानसशास्त्रातील कित्येक प्रश्नावल्यांच्या परवान्यासाठी डॉलरमध्ये पैसे मोजावे लागतात, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

हे साधन घडवण्याची पद्धत मला सर्वांत अधिक भावली. संशोधकांनी आधी समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांच्या सात गटचर्चा घेतल्या आणि 'जोडीदाराने केलेली हिंसा म्हणजे काय' हे त्यांनाच विचारले. त्यातून हिंसेचे तीस प्रकार पुढे आले. मग ९१२ पुरुषांना त्या प्रत्येक प्रकाराविषयी दोन गोष्टी विचारण्यात आल्या: याला तुम्ही हिंसा म्हणाल का, आणि अलीकडच्या काळात हे तुमच्या वाट्याला आले आहे का. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांवर फॅक्टर अॅनालिसिस करून, म्हणजे कोणते प्रकार लोकांच्या मनात एकमेकांजवळ बसतात हे गणिताने तपासून, तेवीस प्रश्न आणि त्यांचे पाच विभाग ठरवले गेले. याचा अर्थ, व्याख्या वरून आली नाही. ज्यांच्यावर वेळ येते त्यांनीच ती केली. या पद्धतीची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी: ज्या वागणुकीला त्या पुरुषांनीच 'चालायचेच' म्हणून सोडून दिले असेल, ती या मोजपट्टीतूनही निसटण्याची शक्यता राहते.

यापूर्वी अशा अभ्यासांत सर्रास वापरले जाणारे साधन म्हणजे मरे स्ट्रॉस यांनी १९७९ साली मांडलेले आणि १९९६ साली सुधारलेले 'कॉन्फ्लिक्ट टॅक्टिक्स स्केल'. त्याची वीस प्रश्नांची लघुआवृत्तीही आहे. भांडण झाले तर कोणी काय केले, किती वेळा केले, याची ते मोजदाद करते आणि ढकलणे, मारणे, जबरदस्ती करणे या गोष्टी ते बरोबर टिपते. परंतु त्याची जडणघडण स्त्री-पुरुष जोडप्यांच्या अभ्यासातून झाली असल्याने, 'चारचौघांत तुझ्या बोलण्यावरून कळतं, जरा दमानं घे' असे रोज ऐकावे लागणाऱ्या पुरुषाचा त्रास त्याच्या कक्षेत येत नाही. नव्या मोजपट्टीत तो येतो.

पाच विभाग असे आहेत: शारीरिक व लैंगिक हिंसा, पाळत, नियंत्रण, एचआयव्हीशी निगडित हिंसा आणि भावनिक हिंसा. आम्ही दोघी-तिघांनी केंद्रातील वापरापुरते या प्रश्नांचे मराठी करून पाहिले. तो काही रीतसर अभ्यास नव्हता. मात्र साधनाचे गुणदोष जेवढे भाषांतर करताना कळतात तेवढे वाचताना कळत नाहीत. भावनिक हिंसेच्या विभागात जोडीदाराने काही विशिष्ट लोकांसमोर 'स्ट्रेट', म्हणजे भिन्नलिंगी पुरुषासारखे, वागायला सांगितले का, असा प्रश्न आहे. आमच्या पहिल्या खर्ड्यात 'तुम्हाला सरळ वागायला सांगितले का' असे उतरले, आणि तो वाचून दाखवताच समोरचा माणूस म्हणाला, "ताई, ते तर माझी आईपण रोज सांगते." मराठीत सरळ वागणे म्हणजे आगाऊपणा न करणे, त्यात लैंगिकतेचा मागमूसही नाही. त्याच विभागात 'जाड' म्हणून हिणवल्याचा प्रश्न आहे. तो ऐकून दुसरा एकजण हसला, कारण त्यांच्या घरात 'जाड्या' हे लाडाचे नाव होते. शब्द तोच असतो, हिणवणे असते की नसते हे सुरावर ठरते, आणि कागदावरच्या चौकटीला सूर ऐकू येत नाही.

नियंत्रणाच्या विभागात आणखी एक अडचण आली. जोडीदाराने तुम्हाला घरच्यांना भेटण्यापासून अडवले का, हा प्रश्न अटलांटातील स्वतंत्र राहणाऱ्या पुरुषाला थेट लागू पडतो. आपल्याकडे पुष्कळदा चित्र उलटे असते. घरी 'रूममेट' म्हणून ओळख करून दिलेली असते, सणावाराला प्रत्येक जण आपापल्या गावी जातो, आणि भेटीगाठी तुटतात त्या जोडीदारामुळे की घरच्यांपासून लपवाछपवी चालू असल्यामुळे, हे त्या माणसालाही सांगता येत नाही. यात मूळ प्रश्नाचा दोष नाही. तो ज्या शहरासाठी लिहिला गेला तेथे तो चोख आहे. परंतु येथे तो जसाच्या तसा वापरला तर 'नाही' या उत्तराचा अर्थ 'सर्व ठीक आहे' असा लावण्याची चूक होईल.

पाळतीचा विभाग मात्र कोठेही न अडखळता लागू पडला. नकळत मेसेज वाचणे, ई-मेल उघडणे, फोन दाखवण्याचा आग्रह धरणे, हे सारे येथे अगदी ओळखीचे आहे. तिशीच्या एका गृहस्थाने फोनविषयीच्या प्रश्नाला ताबडतोब 'नाही' म्हटले आणि कारणही दिले: "तो मागत नाही कधी. आमचा लॉक कोड एकच आहे." मी विचारले, "आणि तुम्ही कोड बदललात तर?" त्याने टेबलावरचा फोन उचलून पालथा ठेवला आणि खिडकीकडे पाहत राहिला. त्यानंतर जवळपास तासभर तो बोलला. ते सारे बोलणे प्रश्नावलीच्या बाहेरचे होते, पण त्याला वाट करून दिली ती त्या प्रश्नानेच.

एचआयव्हीशी निगडित विभाग हे या साधनाचे वेगळेपण आहे आणि माझी मुख्य तक्रारही त्याच विभागाविषयी आहे. जोडीदाराने आपल्या एचआयव्ही स्थितीविषयी खोटे सांगितले का, संबंधांपूर्वी ती लपवली का, जाणूनबुजून संसर्ग केला का, असे प्रश्न त्यात आहेत. ठरवून संसर्ग करणे ही हिंसा आहे, याबद्दल दुमत नसावे. न सांगणे मात्र तेवढे सोपे प्रकरण नाही. ज्याच्या अंगावर हात उगारला जातो असा एचआयव्हीसह जगणारा पुरुष पुष्कळदा मार चुकवण्यासाठीच गप्प राहतो, आणि अशा वेळी ही मोजपट्टी मार खाणाऱ्यालाच हिंसा करणारा ठरवू शकते. आपल्या २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने ही भीती ओळखली आहे: जोडीदाराला माहिती दिल्याने हिंसा होण्याची रास्त शक्यता असेल तर आरोग्यसेवकाने ती देऊ नये, अशी तरतूद त्यात आहे, जरी तिचा भर स्त्रियांवर असला तरी. शिवाय काळही पुढे गेला आहे. संसर्ग टाळण्यासाठी आधीपासून घ्यायच्या गोळीला अमेरिकेत जुलै २०१२ मध्ये मान्यता मिळाली, आणि नियमित उपचारांनी विषाणू रक्तात न सापडण्याइतका दबला तर लैंगिक संबंधांतून तो पसरत नाही, हे आता निर्विवाद आहे. त्यामुळे हा विभाग नव्याने लिहायला हवा. आज गोळ्या लपवून ठेवणे किंवा औषध घेऊ न देणे ही अधिक खरी धमकी असू शकते.

आता आकड्यांकडे वळते. क्रोनबाख अल्फा ०.९० च्या वर आहे, म्हणजे प्रश्नांची आपापसांत घट्ट सुसंगती आहे. पण हा आकडा फार वर गेला की काही प्रश्न एकच गोष्ट पुन्हा विचारत असल्याची शंकाही घ्यावी लागते. त्याच पुरुषांना 'कॉन्फ्लिक्ट टॅक्टिक्स'च्या लघुआवृत्तीतील आणि अमेरिकी रोगनियंत्रण केंद्राच्या व्याख्येवरचे प्रश्नही विचारले होते; या मोजपट्टीने त्या जुन्या दोन्ही साधनांपेक्षा हिंसेचे प्रमाण लक्षणीयरीत्या जास्त दाखवले, आणि कर्त्यांनी ते अधिक अचूकतेचे लक्षण मानले आहे. येथे मी थोडी सावध आहे. जाळ्याची वीण बारीक केली की मासळी जास्त लागणारच. कपड्यांवरून टोमणा आणि लाथ या दोन्हींची बेरीज एकाच रकान्यात गेली, तर एकूण आकडा मोठा होतो आणि त्यातून बोध कमी होतो. साधने बदलली की चित्र किती हलते, हे २०१४ साली 'प्लॉस मेडिसिन'मध्ये आलेल्या १९ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसते: पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांपैकी सुमारे ४८ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराची हिंसा सोसावी लागली, असा अंदाज त्यात निघाला, परंतु त्याची संभाव्य मर्यादा साधारण ३१ ते ६५ टक्के एवढी सैल होती.

उभयलिंगी पुरुषांच्या बाबतीत आणखी जपून वाचावे लागते. अमेरिकी सरकारच्या रोगनियंत्रण केंद्राच्या २०१० च्या पाहणीत जोडीदाराकडून बलात्कार, मारहाण किंवा पाठलाग सोसलेल्या पुरुषांचे प्रमाण समलिंगींमध्ये २६, भिन्नलिंगींमध्ये २९ आणि उभयलिंगींमध्ये ३७.३ टक्के आढळले. हा शेवटचा आकडा पुष्कळ ठिकाणी एवढाच उद्धृत केला जातो. त्यांतील बहुसंख्य उभयलिंगी पुरुषांनी हिंसा करणाऱ्या फक्त स्त्रियाच सांगितल्या होत्या, हे मात्र गाळले जाते. घरी बायको आणि बाहेर एक पुरुष अशी दोन नाती सांभाळणारे कित्येक जण आमच्याकडे येतात. त्यांच्यासमोर प्रश्नावली ठेवण्याआधी 'जोडीदार' म्हणजे कोण धरायचा, हे बोलून घेतले नाही तर तेवीसच्या तेवीस उत्तरे निरुपयोगी ठरतात.

मोजून झाल्यावर पुढे काय, याचे उत्तर या साधनाकडे मागणे अन्यायाचे होईल, पण ते वापरणाऱ्याला मात्र द्यावे लागते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली दाद फक्त स्त्रीला मागता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या कलम ३७७ च्या जागी काहीच आले नाही, म्हणून प्रौढ पुरुषावर झालेल्या लैंगिक जबरदस्तीसाठी वेगळे कलम उरलेले नाही. हाती राहतात ती इजा पोहोचवण्याचे कलम ११५, खंडणीचे ३०८ आणि धमकीचे ३५१. प्रश्नावलीतील लैंगिक जबरदस्तीच्या प्रश्नावर 'हो' म्हणणाऱ्या माणसाला हे सांगताना जीभ जड होते. तरीही ते सांगितल्याशिवाय त्याच्याकडून 'हो' वदवून घेऊ नये, असे माझे मत आहे.

हे साधन मी संशोधकांना, आणि त्याहून अधिक समुपदेशकांना, घ्यायला सांगेन. मात्र गुण मोजण्यासाठी न घेता बोलणे सुरू करण्यासाठी घ्यावे, आणि एचआयव्हीचा विभाग जपून वापरावा. आमच्या प्रतीत प्रत्येक विभागाच्या शेवटी आम्ही पेन्सिलीने एक जादा ओळ लिहिली आहे: 'हे आठवले की तुम्हाला त्याची भीती वाटते का?' आणि 'स्ट्रेट'च्या प्रश्नासमोर दोन मसुदे खोडून सध्या तिसरा ठेवला आहे: 'आपल्याबद्दल कुणाला कळू नये म्हणून, लोकांसमोर चालणे-बोलणे बदलायला त्याने तुम्हाला सांगितले का?' ही ओळ लांब झाली आहे, पण अजून कोणी तिचा अर्थ विचारलेला नाही.