फरशीखाली पीआयआर की थर्माकोल?
इंग्लंडमध्ये नवं घर बांधताना फरशीखालून गरम पाण्याचे पाइप फिरवायचे असतील, तर त्याखालचा ऊब अडवणारा थर आधी ठरवा. नाहीतर विकतची ऊब मातीत जाते. पीआयआर म्हणजे वर्ख लावलेला कडक फोम; त्याची १०० मिमी जाड पाटी जेवढी ऊब अडवते, तेवढ्याला पांढरा थर्माकोल, म्हणजे ईपीएस, साधारण १६५ मिमी लागतो. तरी खोल खणता येत असेल तर मी थर्माकोलच घेईन. स्वस्त पडतो, साध्या करवतीने कापता येतो. दाणे मात्र आठवडाभर मोज्यांना चिकटून घरभर फिरतात! उंबऱ्याची उंची आधीच ठरलेली असेल आणि जाड थराला जागा नसेल तर पीआयआर. त्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या वर्खाला ओलं सिमेंट खातं, म्हणून मध्ये प्लास्टिकचा कागद हवाच. कडेने ऊब भिंतीत जाऊ नये म्हणून भिंतीलगत याच फोमची उभी पट्टी दोन्हींत लागते.