जिनिंगच्या वजनकाट्यावर जर्नलसीटीएल: अख्ख्या हंगामाचा अनुभव

हिंगणघाटच्या बाजूला असलेल्या एका कापूस जिनिंगचे कम्प्युटर मी सांभाळतो. दसऱ्याला कापसाच्या गाड्या सुरू झाल्या तेव्हापासून ऊन तापेपर्यंत, काट्याच्या सर्व्हरवरच्या प्रत्येक बिघाडाचा माग जर्नलसीटीएलनेच, म्हणजे लिनक्समधल्या नोंदी (लॉग) दाखवणाऱ्या कमांडनेच, काढला. आधी निकाल सांगतो. लिनक्सचा छोटा सर्व्हर चालवणाऱ्यासाठी हे साधन फार चांगलं आहे आणि त्यासाठी वेगळा पैसा मोजावा लागत नाही. पण आहे तसं ठेवलं तर आपल्याकडच्या विजेपुढे ते तोकडं पडतं. एकदोन सेटिंग बदलावीच लागतात.

आमची मांडणी साधी आहे. एक जुना डेस्कटॉप, ४ जीबी रॅम, त्यावर उबुंटू. पावती करणारं सॉफ्टवेअर पीएचपी ही भाषा आणि मारियाडीबी हा डेटाबेस यांवर चालतं, समोर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आहे. काट्याच्या इंडिकेटरमधून (वजनाचा आकडा दाखवणाऱ्या डब्यातून) आरएस-२३२, म्हणजे सिरियल, केबल निघते, यूएसबी कन्व्हर्टरमधून मशीनला लागते, आणि एक छोटी पायथन सर्व्हिस (मागे सतत चालणारा प्रोग्राम) ते वजन वाचून सॉफ्टवेअरला देते. भरलेली गाडी, रिकामी गाडी, निव्वळ वजन, पावती. एवढंच काम. पण हे थांबलं की गेटपासून डांबरी रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग लागते. हाताने पावती करायची वेळ आली की माणसांचा विश्वास डळमळतो, आणि त्यांचंही बरोबर आहे. २०२४-२५ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. गाडीमागे ४० किलोंचा घोळ झाला तर शेतकऱ्याचे तीन हजार रुपये जातात.

आधीची पद्धत सगळीकडे असते तीच होती. अडलं की रिस्टार्ट. तरीही नाही चाललं तर स्क्रीनचा फोटो काढून सॉफ्टवेअरवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा आणि वाट बघायची. फोटोत फक्त ‘कनेक्शन फेल्ड’ एवढंच असायचं. त्यावरून तोही बिचारा काय सांगणार?

आता नोव्हेंबरातली गोष्ट सांगतो, कारण हे साधन मला तिथे पटलं. काट्यावरच्या मुलाचा फोन यायचा, “भाऊ, वजन दिसून नाही राहिलं कम्प्युटरवर. गाड्या उभ्या आहे न.” इंडिकेटरवर आकडा दिसायचा, स्क्रीनवर शून्य. यूएसबी काढून लावली की कधी सुरू व्हायचं, कधी नाही. दिवसातून कोणत्याही वेळी. कन्व्हर्टर बदलला, तरी तेच. सर्व्हिसच्या स्वतःच्या नोंदीत एकच ओळ पुन्हा पुन्हा यायची: टीटीवाययूएसबी० नावाचं पोर्ट सापडत नाही, एरर क्रमांक २. क्रमांक २ म्हणजे त्या नावाची फाइलच नाही. ही ओळ खरी आहे, पण ती परिणाम सांगते. कारण तिच्या आधी घडलेलं असतं.

म्हणून एका सर्व्हिसपुरता लॉग न बघता, फोन आला त्याच्या दहा मिनिटं आधीपासूनचा सगळा लॉग एकत्र काढला. जर्नलसीटीएलला डॅश डॅश सिन्स लावून वेळ दिली की कर्नल (लिनक्सचा गाभा), डेटाबेस, आपली सर्व्हिस या सगळ्यांच्या ओळी एकाच वेळेच्या क्रमाने येतात. त्यात आधी कर्नलची ओळ होती: यूएसबीचं अमुक पोर्ट हबने बंद केलं, ‘ईएमआय?’ असं प्रश्नचिन्हासकट, आणि पुन्हा चालू करतोय. पाठोपाठ ‘यूएसबी डिस्कनेक्ट’. मग कन्व्हर्टर पुन्हा जोडला गेल्याची ओळ, पण या वेळी टीटीवाययूएसबी१ या नावाने. आणि त्यानंतर आमच्या सर्व्हिसची रड, की यूएसबी० सापडत नाही.

सगळं कोडं या चार ओळींत सुटलं. ईएमआय म्हणजे विद्युतचुंबकीय व्यत्यय. कर्नल लिहिणाऱ्यांनी तो संदेश अशाच प्रसंगासाठी ठेवला आहे: शिल्डिंग नीट नसलेलं यूएसबी उपकरण बाहेरच्या विद्युत गोंधळाने बंद पडतं, तेव्हा कर्नल ते पुन्हा चालू करून बघतो. वेळा वहीत उतरवल्या आणि प्रेसच्या फोरमनला दाखवल्या. तो बघताच म्हणाला, “हे त आमच्या प्रेसची मोटर चालू कराची वेळ आहे!” गाठी बांधणाऱ्या प्रेसची मोटर सुरू झाली की पोर्ट झटका खायचं. सर्व्हिसने जुनं पोर्ट धरून ठेवलेलं असायचं, त्यामुळे कन्व्हर्टरला परत येताना नवा क्रमांक मिळायचा.

उपाय दोन केले. काट्याची केबल मोटरच्या केबलसोबत एकाच पाइपातून आली होती, ती वेगळी काढली, शिल्ड असलेली घातली आणि अर्थिंग तपासून घेतलं. दुसरं, सर्व्हिसमध्ये क्रमांकाचं नाव काढून सिरियल, बाय-आयडी (/dev/serial/by-id) या फोल्डरमधलं कायमचं नाव दिलं. कन्व्हर्टर ० म्हणून येवो की १ म्हणून, ते नाव बदलत नाही. काटा वाचणारा कन्व्हर्टर एकच असेल तर हे पुरतं. एकसारखे दोन असतील तर बाय-पाथ (कोणत्या पोर्टला लावलं त्यावरून ठरणारं नाव) वापरावं, कारण स्वस्त कन्व्हर्टरमध्ये बहुतेक वेळा सिरियल नंबरच नसतो.

इथे एक बारीक गोष्ट नीट सांगायला हवी. लॉगच्या ओळींना ० ते ७ अशी पातळी असते. ० सर्वांत गंभीर, ३ म्हणजे एरर, ६ म्हणजे साधी माहिती. बरेच जण डॅश पी एरर लावून फक्त एररच बघतात. आमच्या प्रकरणात ईएमआयची ओळ एररमध्ये येते, पण डिस्कनेक्ट झाल्याची आणि नवं नाव मिळाल्याची ओळ साधी माहिती म्हणून येते. गाळणी लावली असती तर नेमका मधला दुवा गळाला असता. म्हणून माझं मत: गाळणी पातळीची नको, वेळेची लावा. आणि एरर दिसला की तिथून वर वाचत जा.

दुसरा मोठा बिघाड जानेवारीत आला. दिवाणजी गाडीनिहाय रुईच्या उताऱ्याचा (कापसातून किती रुई निघाली याचा) रिपोर्ट काढायचे आणि काट्यावरची पावती बंद पडायची. स्क्रीनवर मारियाडीबीचा एरर २००२, म्हणजे डेटाबेसच्या सॉकेटशी (त्याच्याशी जोडायच्या दाराशी) जोडणी नाही. डेटाबेसच्या लॉगमध्ये बंद होण्याची एकही ओळ नाही. मध्येच एकदम ‘क्रॅश रिकव्हरी सुरू’. नीट बंद झालेला डेटाबेस जाताना सांगून जातो. काही न बोलता गेला म्हणजे कुणीतरी मारला. डॅश के लावून फक्त कर्नलच्या ओळी बघितल्या. त्यात ‘आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस’ आणि पुढे मारियाडीबीचं नाव. त्याच्या वर सगळ्या प्रोसेसचा तक्ता असतो, तो वाचायला शिका. त्यातला आरएसएस (प्रोसेसने प्रत्यक्ष व्यापलेली मेमरी) हा आकडा केबीत नसून मेमरीच्या पानांत असतो आणि एक पान ४ केबीचं. मारियाडीबीसमोर साडेपाच लाखांच्या आसपास आकडा होता, म्हणजे २ जीबीच्या वर. बसवणाऱ्याने इनोडीबीचा बफर पूल, म्हणजे डेटाबेसने स्वतःसाठी घ्यायची मेमरी, २ जीबी ठेवला होता. ४ जीबीच्या मशीनवर त्यासोबत रिपोर्ट आणि उघडे ब्राउझर टॅब हे झेपणारच नव्हतं. पूल ५१२ एमबीवर आणला आणि हा त्रास संपला. रिपोर्ट थोडा सावकाश निघतो, दिवाणजींची हरकत नाही.

आता उणिवा.

सर्वांत मोठी उणीव विजेची. जर्नल आपल्या नोंदी डिस्कवर पक्क्या करतो त्या मूळ सेटिंगनुसार दर ५ मिनिटांनी. क्रिटिकल किंवा त्याहून गंभीर संदेश आला तरच लगेच. आमच्याकडे लाइन गेली आणि यूपीएसने मान टाकली की शेवटच्या काही मिनिटांचा लॉग गायब, आणि आपल्याला हवी असतात तीच मिनिटं. जर्नलडी, म्हणजे जर्नल लिहिणाऱ्या सर्व्हिसच्या, कॉन्फ फाइलमध्ये सिंक-इंटरव्हल-सेक हे १५ सेकंदांवर आणा. डिस्कवर लिहिणं थोडं वाढतं, पण आमच्यासारख्या ठिकाणी त्याला पर्याय नाही. शेजारीच स्टोरेजचं सेटिंग आहे, ते पर्सिस्टंट (नोंदी डिस्कवर टिकवणारं) करा. ऑटो असेल आणि वार, लॉग (/var/log) खाली जर्नलचा फोल्डर नसेल तर नोंदी फक्त मेमरीत राहतात आणि रिस्टार्ट केलं की पुसल्या जातात. रिस्टार्टची सवय असलेल्या ऑफिसात तर पुरावाच राहत नाही.

वीज अचानक गेल्यावर ‘फाइल करप्टेड ऑर अनक्लीनली शट डाउन’ अशी ओळ येते. ती बघून घाबरू नका. जर्नल ती फाइल बाजूला ठेवून नवी सुरू करतो आणि जुनीतलं बहुतेक वाचता येतं. तरी फाइल बायनरी असल्याने साध्या एडिटरमध्ये उघडत नाही, हे मला आजही खटकतं. मशीनच उठत नसेल तर डिस्क दुसऱ्या लिनक्सला लावून बघावं लागतं.

एनजिनएक्स आणि पीएचपीचे एरर आमच्याकडे जर्नलमध्ये येत नाहीत, ते आपापल्या फाइलमध्ये जातात. पीएचपीला वेळेचा विभाग दिला नसेल तर तो यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितो. सकाळी ११:४० चा बिघाड तिथे ०६:१० ला दिसतो. साडेपाच तास मिळवायचे, किंवा टाइमझोन आशिया, कोलकाता करून टाकायचा. पायथनची सर्व्हिस असेल तर तिला अनबफर्ड (ओळी साठवून न ठेवता लगेच लिहिणारी) चालवा, नाहीतर प्रिंट केलेल्या ओळी उशिरा येतात आणि वेळ जुळत नाही.

जागेची काळजी मात्र करावी लागली नाही. जर्नल मूळ सेटिंगमध्ये त्या डिस्कच्या १० टक्क्यांपर्यंतच, तेही जास्तीत जास्त ४ जीबी वापरतो. एक अनपेक्षित फायदाही झाला. डॅश डॅश लिस्ट-बूट्स लिहिलं की प्रत्येक वेळी मशीन कधी सुरू झालं आणि शेवटची नोंद कधीची, अशी यादी मिळते. यूपीएसची बॅटरी बदलायची परवानगी मालकांकडून मिळत नव्हती. ती यादी छापून समोर ठेवली, आठवड्याच्या आत बॅटरी आली.

काट्यावरच्या मुलाला एडीएम गटात टाकलं आहे, म्हणजे त्याला पासवर्डशिवाय लॉग बघता येतो पण काही बदलता येत नाही. इंग्रजी त्याला बेताचं येतं, तरी ‘डिस्कनेक्ट’, ‘किल्ड’, ‘नो स्पेस’, ‘परमिशन डिनाइड’ एवढे शब्द तो ओळखतो आणि फोनवर वेळेसकट वाचून दाखवतो. सॉफ्टवेअरवाल्यालाही आता फोटो जात नाही, बिघाडाच्या आधीच्या आणि नंतरच्या ओळी मजकूर म्हणून जातात. त्याची उत्तरंही आता त्याच दिवशी येतात. पाठवण्याआधी शेतकऱ्याचं नाव, मोबाइल, बँक खात्याचा क्रमांक खोडून टाका. पावतीच्या सॉफ्टवेअरचे लॉग ही माहिती बिनदिक्कत लिहून ठेवतात आणि ती आपली नाही.

एक काम राहिलं आहे. सगळ्या नोंदी त्याच डिस्कवर आहेत. ती गेली तर काय बिघडलं होतं हे सांगणाऱ्या नोंदीही जातील. ऑफिसमधल्या दुसऱ्या मशीनवर आरसिसलॉग या नोंदी पाठवणाऱ्या प्रोग्रामने टीसीपीवरून (नेटवर्कवरून) प्रत पाठवायची, हे पुढच्या दसऱ्याला पहिली गाडी काट्यावर चढायच्या आत करायचं आहे.