कसब्यातलं वाफेच्या पाळण्यांचं दुकान : आधी बॉयलर बघा, घोडे नंतर

दुकानाला पाटी नाही आणि मालकीणबाईंनी नाव-नंबर कुठे टाकू नका असं बजावलंय. म्हणून पत्ता एवढाच सांगतो : कसबा पेठेत, तांबट आळीच्या मागच्या अंगाला, अर्धा उतरवलेल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर. मेट्रोने कसबा पेठ स्टेशनला उतरा आणि तांबं ठोकल्याचा आवाज येतो त्या दिशेला चालत जा. चारचाकी नेऊ नका, दुचाकीलासुद्धा जागा शोधावी लागते.

इथे वाफेवर चालणारी जुनी खेळण्यातली इंजिनं आणि त्यांच्यावर फिरणारे जत्रेतले पाळणे विकत घेतले जातात, दुरुस्त होतात आणि विकले जातात. घोड्यांचा गोल पाळणा, आकाशपाळणा, झुलती नाव असं सगळं, पण टेबलावर मावेल एवढं. माणसं बसायचे खरे पाळणे इथे नाहीत. मी एक घोड्यांचा पाळणा इंजिनासकट घेतला. अडतीस हजार पाचशे रुपये पडले. घरी काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

माझं सगळं आयुष्य साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेलं. फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंटचं, म्हणजे बॉयलर चालवायचं, सर्टिफिकेट आहे. गाळपाच्या हंगामात रात्रपाळीला गेज ग्लासकडे, म्हणजे बॉयलरातलं पाणी दाखवणाऱ्या काचेकडे, बघत बसायची सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. त्यामुळे पाळण्याचे घोडे किती गोजिरवाणे आहेत हे वाचायचं असेल तर दुसरं कुणीतरी शोधा. मला आधी बॉयलर दिसतो.

खरे पाळणे मी २०१९ साली इंग्लंडात मुलीकडे गेलो तेव्हा पाहिले. ती नॉर्फकमध्ये राहते आणि या धंद्याचं मूळ त्याच भागात आहे. किंग्ज लिन नावाच्या बंदरगावात फ्रेडरिक सॅव्हेज हा शेतीची यंत्रं बनवणारा माणूस. १८६० च्या दशकात जत्रेतले पाळणे वाफेवर फिरायला लागले, तेव्हा त्याने त्यात हात घातला आणि पुढे त्या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव झाला. शहराचा महापौर झाला. १८९२ साली, जिवंतपणीच, त्याचा पुतळा उभा राहिला. लोहार-फिटर जातकुळीच्या माणसाचा पुतळा म्हणून मी त्याच्यासमोर जरा जास्त वेळ थांबलो. तिथून जवळच थर्सफर्डच्या संग्रहालयात सॅव्हेजच्या कारखान्याचा १८८९ सालचा गोंडोलांचा पाळणा आहे. त्यावरचं कोरीवकाम आणि सोनेरी मुलामा बघून मुलगी फोटो काढत होती, मी खाली वाकून गिअर बघत होतो.

रचना अशी असते. मधोमध एक गाडा, त्यावर बॉयलर आणि इंजिन, धुराडं पार छतातून वर. इंजिनातून उभ्या दांड्याने ताकद वर जाते आणि माथ्यावरचं मोठं दातेरी चाक फिरवते. त्या चाकाला सगळ्या आडव्या दांड्या आणि दांड्यांना घोडे टांगलेले. घोडे वरखाली होतात ते क्रँकमुळे, म्हणजे वरच्या वाकवलेल्या दांड्यामुळे. पाळणा फिरला की क्रँक फिरतो, त्यामुळे वेग वाढला की घोड्यांची दौडही आपोआप वाढते. बाजाला, म्हणजे पाळण्यावर गाणी वाजवणाऱ्या ऑर्गनला, मात्र वेगळं छोटं इंजिन असतं. एकच इंजिन असतं तर पाळणा थांबताना गाणंही रडवेलं झालं असतं.

हे सगळं सांभाळणं किती जड जातं ते तिथल्या लोकांनाही कळतं. कार्टर्स स्टीम फेअर ही १९७७ पासून गावोगाव फिरणारी जुन्या पाळण्यांची जत्रा २०२२ साली फिरायची थांबली आणि सगळा संच विक्रीला निघाला. आपल्याकडे चतु:शृंगीच्या जत्रेत लाकडी रहाटपाळणा हाताने ओढणारी माणसं होती, त्यांच्यानंतर थेट डिझेल आणि वीज आली. पाळण्यापुरता वाफेचा टप्पा आपण गाळलाच म्हणायचा.

आता दुकानाकडे येतो. मालकीणबाई चाळिशीच्या आतबाहेर. वडिलांचं लेथ होतं, तेच लेथ अजून चालवतात. मला काका म्हणतात, मी त्यांना ताई. पहिल्याच भेटीत मी विचारलं, "बॉयलरची टेस्ट कशी घेता?" त्यांनी उत्तर दिलं नाही. फळीवरून हातपंप काढला, प्रेशर गेज लावलं, बॉयलरात गळ्यापर्यंत पाणी भरलं आणि माझ्यासमोर दाब चढवला. सेफ्टी व्हॉल्व्ह दीड किलोचा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला दीड किलो दाब झाला की वाफ सोडणारा, टेस्ट तीन किलोला. आम्ही कारखान्यात दीडपट घ्यायचो, या बाई दुप्पट घेतात. काटा तीनवर गेला आणि आमचा चहा येऊन पिऊन होईपर्यंत तिथेच उभा राहिला. त्या वेळेपर्यंत माझं मत बनलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ही टेस्ट पाण्यानेच करायची असते, हवेने नाही. पाणी दाबलं जात नाही, म्हणून टाकी कुठे उसवलीच तर नुसती गळते. कोंडलेली हवा किंवा वाफ उसवली तर तुकडे उडतात. इंटरनेटवर कुणी सायकलच्या पंपाने जुना बॉयलर तपासताना दिसला तर त्याच्याकडून काही विकत घेऊ नका.

मी घेतलेलं इंजिन मॅमॉडचं आहे. बर्मिंगहॅमची ही कंपनी १९३७ साली निघाली. माझं इंजिन जुनं, स्पिरिटच्या दिव्यावरचं. नंतरची मॅमॉडं वडीच्या इंधनावर गेली. बॉयलर पितळी. पाण्याची पातळी बघायला काच नाही, टोकाच्या पत्र्यावर एक बारीक स्क्रू आहे. तो काढून पाणी ओतायचं, तिथून ओघळ आला की भरलं. सिलिंडर डोलणारा आहे, म्हणजे वेगळी व्हॉल्व्हची यंत्रणाच नाही. सिलिंडर स्वत: इकडून तिकडे डुलतो आणि त्याचं भोक कधी वाफेच्या वाटेसमोर येतं, कधी बाहेर सोडायच्या वाटेसमोर. इतकं सोपं की नातीला पाच मिनिटांत समजलं. या डोलणाऱ्या सिलिंडरची घासपट्टी झिजली की वाफ फुसफुसत वाया जाते आणि इंजिन नुसतं थुंकतं. ताईंनी ती पट्टी काचेवर घासून सपाट केली होती. मी नखाने तपासली, चरा लागला नाही.

बॉयलरच्या एका टोकाचा डाख पूर्वी कुणीतरी पाणी संपवून जाळला होता. तो खरवडून नव्याने डाख दिलाय आणि हे काम शेजारच्या तांबट काकांकडून करून घेतलंय. जोड हाताने घातलाय हे दिसतं, पण कुठेही गाठ नाही. तांब्याच्या हंड्यांवर ठोके देऊन माठारकाम करणाऱ्या हाताला एवढंसं टोपण म्हणजे गंमतच असणार.

मला सगळ्यात आवडलं ते बिल. दोन रकाने : मूळ आणि नवीन. बॉयलरची टाकी मूळ, टोकाचा डाख नवीन. फ्लायव्हील मूळ. सेफ्टी व्हॉल्व्ह नवीन, आणि जुना व्हॉल्व्ह कागदी पिशवीत घालून वेगळा दिला, वर लिहिलेलं : "शोभेसाठी. लावू नये." पाळण्याचं पत्र्याचं छत मूळ, मधला खांब मूळ, बारा घोड्यांपैकी मूळ घोडे तीन. बाकीचे नऊ सावंतवाडीहून करून आणलेले, पांगाऱ्याच्या लाकडाचे. पांगारा का, तर हलका. या इंजिनात जीव तो किती, सागवानी घोडे टांगले असते तर ते हललंच नसतं. जुन्या वस्तूंच्या बाजारात बारातले नऊ घोडे नवे आहेत हे गिऱ्हाइकाने न विचारता कोण सांगतो? इथे सांगितलं, आणि लेखी.

आता तक्रारी. कामाला सांगितल्यापेक्षा बराच उशीर झाला. "गणपतीच्या आधी" चं दिवाळीनंतर झालं. मधे फोन केला की "काका, रंग वाळतोय" एवढंच उत्तर. पुण्याच्या पावसात ऑइलपेंट वाळत नाही हे मान्य, पण मग तारीख देताना कॅलेंडर बघावं.

तो रंग हीच दुसरी तक्रार. जुन्या छताच्या पत्र्यावर मूळ लाल-पिवळे पट्टे होते, थोडे उडालेले. ते सगळं घासून नवीन चकचकीत रंग मारलाय. पट्टे ओढणारे पेंटर जुन्या पिढीतले, पूर्वी नाना पेठेत ट्रकच्या मागची अक्षरं काढायचे. फ्लेक्स आल्यापासून काम गेलं. हात अप्रतिम आहे, एकाही पट्ट्याची कड थरथरलेली नाही. पण मला तो जुना उडालेला रंगच हवा होता. मी तसं म्हणालो तर ताई म्हणाल्या, "काका, निम्मी गिऱ्हाइकं म्हणतात जुनं का दिलं, निम्मी म्हणतात नवं का केलं. मी कुणाचं ऐकू?" उत्तर चोख आहे, पण पटलं नाही. रंगाला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाला एक फोन करायला काय जातं? तुम्ही गेलात तर सुरुवातीलाच लिहून द्या : छत घासू नये.

तिसरी गोष्ट मुख्य. पहिल्यांदा वाफ चढवून चालवून दाखवला तेव्हा पाळणा उलटा फिरला. इंग्लंडातला घोड्यांचा पाळणा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, म्हणजे आपण देवाला प्रदक्षिणा घालतो तसा, मधला खांब उजव्या हाताला ठेवून. कारण घोड्यावर डावीकडून चढायची रीत. पाळणा असा फिरला की घोड्याची डावी बाजू बाहेर, लोकांकडे येते. युरोपात आणि अमेरिकेत बहुतेक पाळणे उलट दिशेने फिरतात. पण या पत्र्याच्या पाळण्यावरचे तीन मूळ घोडे डाव्या अंगाने जास्त नटवलेले, म्हणजे बनवणाऱ्याच्या मनात इंग्लिश दिशाच होती, आणि इथे ते चक्क मागे मागे धावत होते! या इंजिनाला उलटं फिरवायची सोय नाही. मी इंजिन ते पाळणा जाणारा स्प्रिंगचा पट्टा काढला, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पीळ देऊन परत चढवला. पट्ट्याला पीळ पडला की पुढची पुली उलट फिरते. घोडे तोंडाच्या दिशेने धावायला लागले. ताईंनी कपाळावर हात मारला आणि लगेच बिलातून पाचशे कमी केले. मी मागितले नव्हते. आधीच्या अडतीस हजार पाचशेत हे धरलेले आहेत.

तिथल्या घोड्यांच्या मानेवर नावं रंगवायची पद्धत आहे, म्हणून पेंटरकाकांनी मलाही नावं विचारली. नातीने दिली. त्यामुळे माझ्या व्हिक्टोरियन पाळण्यावर आता चिंगी, ढब्बू आणि जिलेबी दौडतात. एका घोड्याचं नाव "सर" आहे, ते तिच्या गणिताच्या सरांवरून. जास्त चौकशी केली नाही.

चालवायच्या बाबतीत थोडं. स्पिरिट रंगाच्या दुकानात मिळतं, लाकडाला पॉलिश करणारे वापरतात तेच. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, म्हणून दिवा विझला असं समजून वरून स्पिरिट ओतायचं नाही, कधीही नाही. आमच्या धायरीच्या बोअरचं पाणी बॉयलरात घालू नका, पांढरा खर धरतो. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी घाला आणि गरम करून घाला, म्हणजे स्पिरिट वाचतं. सिलिंडरला दुकानातून मिळतं ते दाट स्टीम ऑइलच. शिलाई मशीनचं तेल वाफेपुढे टिकत नाही. पाणी संपायच्या आत दिवा काढा. पाण्याची काच नसल्यामुळे मी दिव्यातलं स्पिरिटच मोजून घालतो, पाण्याआधी ते संपेल इतकं.

दुकानात सध्या विक्रीला एक झुलती नाव आहे, तिचं इंजिन मला खास वाटलं नाही, ग्लँड, म्हणजे दांड्याभोवतीचं वाफ अडवणारं पॅकिंग, गळत होता. एक आकाशपाळणा आहे, जर्मन विलेस्को इंजिनावरचा, तो चांगला आहे. किंमत घासाघीस करून फारशी उतरत नाही. वाफ चढवून चालवून दाखवल्याशिवाय त्या पैसे घेत नाहीत, पण तुम्हीही घाई असल्याचं सांगून ती पायरी टाळू नका. सेफ्टी व्हॉल्व्ह उडालेला स्वत:च्या डोळ्यांनी बघा. दुपारी एक ते चार बंद, हे पुण्यात सांगायला नको.

गेल्या खेपेला गेलो तेव्हा ताईंनी एक कागद पुढे केला. कुठल्याशा शाळेला मुलं बसतील असा वाफेवरचा छोटा पाळणा हवाय. मी विचारलं, बॉयलर किती लिटरचा? म्हणाल्या, चाळीस. मग मी कायदा सांगितला. पंचवीस लिटरच्या आत असेल तर तो बॉयलर कायद्यात बसत नाही, त्यावर गेलात आणि दाब एक किलोच्या वर नेलात की नोंदणी आली, इन्स्पेक्टरची तपासणी आली, चालवायला सर्टिफिकेटवाला माणूस आला. १९२३ चा कायदा जाऊन २०२५ चा आला तरी हे सुटलेलं नाही. त्या हसल्या. "सर्टिफिकेटवाला माणूस तर समोरच बसलाय की." मी म्हटलं, आधी ड्रॉइंग दाखवा, पत्र्याची जाडी बघतो, मग बोलू.